फितीतून निसटणारी जोखीम

पालघर जिल्ह्याच्या आरोग्याचा विषय निघाला की पहिला शब्द येतो तो कुपोषण. त्याला कारणही तसेच आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालके दगावली, राज्यभर खळबळ उडाली आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचा हा आदिवासी पट्टा बालमृत्यूंच्या बातम्यांनी ओळखला जाऊ लागला. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला, तरी ती ओळख पुसली गेली नाही. अंगणवाडीतला वजनकाटा, बाळाच्या दंडाचा घेर मोजणारी रंगीत फीत, गरोदर मातांसाठी अमृत आहार योजना, हे सारे अशा अनुभवांतून उभे राहिले आणि ते आजही हवेच आहे. मात्र जी मुले त्या वर्षांतून तगली, त्यांचे पुढे काय झाले हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. ती मुले आज तिशी-पस्तिशीत आहेत आणि त्यांचे आईवडील साठीच्या आसपास. डहाणूच्या आणि कासाच्या उपजिल्हा रुग्णालयांत, तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात, धुंदलवाडीजवळच्या वेदांता वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डांत आज खाटेवर असतात ते हेच लोक. कोणी छातीत दुखते म्हणून आलेले, कोणाच्या अंगावरून वारे गेलेले, कोणाची पायाची जखम महिनाभर भरत नाही म्हणून आणलेले. या रुग्णांमधला मेटाबॉलिक सिंड्रोम आणि त्यातून हृदयाला, मेंदूला असणारा धोका हा या पुस्तिकेचा विषय आहे. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: या भागात हा आजार शोधायचा असेल तर तो लठ्ठ माणसात शोधून भागणार नाही. लहानपणीची उपासमार आणि चाळिशीतला हृदयविकार यांच्या फायली आपण वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या आहेत. माणूस मात्र एकच आहे.

आधी विषयाची ओळख. रक्तदाब थोडा चढलेला, उपाशीपोटीची साखर थोडी वाढलेली, रक्तातले ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल हे उपकारक कोलेस्टेरॉल कमी आणि पोटाचा घेर वाढलेला, ही पाच लक्षणे एकाच माणसात वारंवार एकत्र सापडतात असे डॉक्टरांच्या ध्यानात येऊन बराच काळ लोटला. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या जेरल्ड रीव्हन यांनी एका व्याख्यानात त्यामागची समान मुळी मांडली: शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. पुढे मोजमापे ठरली. २००९ मध्ये वेगवेगळ्या संघटनांनी मिळून मान्य केलेल्या व्याख्येनुसार रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी, आणि आपल्याकडच्या लोकांसाठी पोटाचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक, यांपैकी कोणतीही तीन असली की हे निदान होते. अशा माणसाला हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट असते आणि मधुमेहाची त्याहूनही कितीतरी अधिक. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यांनुसार भारतातल्या प्रौढांत मधुमेह ११.४ टक्के, उच्च रक्तदाब ३५.५ टक्के आणि पोटाचा स्थूलपणा ३९.५ टक्के आहे. हे आकडे वाचताना डोळ्यांसमोर सुटलेले पोट आणि शहरातले बैठे जीवन येते. तलासरीचा बारीक अंगाचा मजूर येत नाही, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

या बाबतीत जगाला वाट दाखवणारे काम महाराष्ट्रात झाले आहे, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास हाती घेतला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सगळ्याच मापांत लहान होती, पण सारख्या प्रमाणात नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून. म्हणजे बाळ दिसायला काटकुळे, पण त्याच्या अंगात चरबीचा वाटा जास्त. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याच्याही आधी, १९८९ मध्ये, डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यातल्या १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या पुरुषांच्या जुन्या नोंदी उकरून दाखवले होते की ज्यांचे वजन जन्मताना आणि पहिल्या वाढदिवशी सर्वांत कमी होते, त्यांच्यातच हृदयविकाराचे मृत्यू सर्वाधिक झाले. गर्भात अन्न तुटपुंजे पडले की शरीर मेंदू जपते आणि बाकीच्या ठिकाणी काटकसर करते. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी कमी राहतात, मूत्रपिंडातल्या गाळण्या कमी बनतात. कमी गाळण्यांवर आयुष्यभराचे काम पडले की रक्तदाब चढतो. पुण्यात आणखी एक गोष्ट दिसली: जन्मताना लहान असलेले मूल पुढे भरभर अंग धरते, तेव्हा त्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

आता हे सारे वेवजीत नेऊन पाहू. तलासरी तालुक्याच्या पश्चिम कडेला, गुजरातच्या उंबरगाव तालुक्याला चिकटून हे गाव आहे. पलीकडे सोलसुंबा, उंबरगाव रोड स्थानक आणि औद्योगिक वसाहत. हद्द कुठून जाते यावरून दोन राज्यांत वाद झाला तो याच गावात. दीड लाखाच्या आसपास वस्तीच्या तलासरी तालुक्यात दर दहांतले नऊ जण आदिवासी आहेत, डहाणूतही त्यांचेच बहुमत आहे: वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी, दुबळा. या लोकांचे काम एका पिढीत पालटले. पावसाळ्यात भाताची लावणी आणि दिवाळीनंतर वीटभट्टी, मिठागर किंवा गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशाचे काम हा जुना क्रम अजून आहेच. त्याच्या जोडीला उंबरगाव, भिलाड, वापीच्या कारखान्यांतली कंत्राटी नोकरी आली. तिथे एका जागी उभे राहून बारा तास काढायचे, आठवड्याआड रातपाळी करायची, आणि भूक लागली की गेटबाहेरच्या गाडीवरचे तळलेले खायचे. माळावरची नागली-वरई ताटातून मागे सरली, रेशनच्या तांदळाने ताट भरले. त्यासोबत खारवलेली सुकी मासळी, कालवणात सढळ मीठ, पाच रुपयांच्या पुड्या. मशेरी, विडी आणि दारू यांचाही वाटा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. पण सगळा दोष दारूवर टाकून मोकळे होण्याची जी सवय या भागाबद्दल बोलणाऱ्यांना लागली आहे, ती मला अन्यायाची वाटते. तिच्यामुळे रुग्णाचा रक्तदाब मोजण्याआधीच त्याचा निकाल लागतो.

बारीक अंगाच्या रुग्णाचा आजार निसटतो तो फक्त बघणाऱ्याच्या समजुतीतून नाही, हातातल्या साधनांतूनही निसटतो. दंडाला बांधायचा रक्तदाबाचा पट्टा घ्या. बाह्यरुग्ण विभागात सहसा एकच पट्टा असतो, मध्यम मापाचा. हडकुळ्या दंडावर तो मोठा पडतो, आणि पट्टा मोठा पडला की रक्तदाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. ज्या बाईचा खरा रक्तदाब १४४ आहे तिची नोंद १३६ अशी होऊ शकते आणि ती घरी जाते. लहान मापाचा पट्टा काही महाग वस्तू नाही, पण मागणीपत्रात तो लिहावा लागतो. कंबरेच्या फितीचेही तसेच. घेर मोजायचा तो शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर, श्वास सोडल्यावर, उघड्या अंगावर. गर्दीच्या ओपीडीत आडोसा नसतो, म्हणून फीत लुगड्याच्या ओच्यावरून फिरते किंवा फिरतच नाही. आशाताई घरोघर जाऊन भरतात त्या जोखीम-तपासणी अर्जात स्त्रीचा घेर ८० सेंटिमीटरपर्यंत असला तर शून्य गुण. आठवड्याला दीडशे मिनिटे अंगमेहनत होत असली तर शून्य. घरात कोणाला बीपी, शुगर किंवा हृदयविकार होता का, याचे उत्तर ‘नाही’ आले तर शून्य. वेवजीतल्या एखाद्या बाईच्या वाट्याला ही तिन्ही शून्ये सहज येतात. तिसरे शून्य तर मला फार बोचते, कारण तिच्या आईबापांचा रक्तदाब हयातीत कधी कोणी मोजलेलाच नसतो. ‘बसल्या जागी गेले’ एवढाच कौटुंबिक इतिहास. नियम खरे तर तीस वर्षांवरच्या सगळ्यांचीच तपासणी करायची असा आहे, गुण फक्त आधी कोणाला बोलवायचे हे ठरवण्यासाठी आहेत. पण जिथे हात थोडे आणि कामे फार, तिथे ज्याला आधी बोलावले जात नाही त्याचा नंबर बहुधा लागतच नाही.

साखरेच्या तपासणीत तर याहून खोल पाणी आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी सोयीची, कारण तिला उपाशी राहावे लागत नाही. पाड्यावरून पहाटे निघून जीप बदलत दवाखान्यात पोचेपर्यंत अकरा वाजतात, तोवर चहा-भाकरी झालेली असते, म्हणून उपाशीपोटीच्या चाचणीचा बहुतेक वेळा बोजवाराच उडतो. पण एचबीए१सी मोजते ती तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. या पट्ट्यात सिकलसेल आहे आणि रक्तक्षय तर घरोघर आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून आकडा खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत उलट तो खोटा जास्त येतो. मुंबईत जो कागद निःशंकपणे वाचता येतो, तोच डहाणूत दोन दिशांना फसवतो. इथे सिकलसेलची तपासणी झाल्याशिवाय एचबीए१सीवर मधुमेहाचे निदान ठरवू नये, आणि शक्य तिथे ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर पाहावी. ट्रायग्लिसराइडसाठीही रुग्णाला दुसऱ्या दिवशी उपाशी बोलावण्याचा हट्ट नको. खाल्ल्यानंतरचा नमुनाही चालतो, मर्यादा तेवढी १७५ धरायची.

यावर पहिला आक्षेप संख्याशास्त्राचा येईल, आणि तो रास्त आहे. रुग्णालयातले रुग्ण म्हणजे गाव नव्हे. १९४६ मध्ये मेयो क्लिनिकच्या जोसेफ बर्कसन यांनी दाखवून दिले की रुग्णालयातल्या नोंदींवरून दोन आजारांचा संबंध जोडायला गेले तर नसलेला संबंधही दिसू लागतो, कारण दोन आजार असलेला माणूस एक आजार असलेल्यापेक्षा रुग्णालयात पोचण्याची शक्यताच जास्त. शिवाय तापाने फणफणलेल्या किंवा नुकताच झटका आलेल्या माणसाची साखर त्या आघातानेच वाढलेली असते, ट्रायग्लिसराइड चढलेले आणि एचडीएल उतरलेले असते. खाटेवरच्या पहिल्या दिवशीच्या आकड्यांवर मेटाबॉलिक सिंड्रोमचा शिक्का मारला तर निम्मा वॉर्ड त्यात बसेल. म्हणून वॉर्डातल्या टक्केवारीला तालुक्याची टक्केवारी म्हणून खपवू नये, आणि घरी सोडल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजल्याशिवाय निदान पक्के करू नये, हे मी मनापासून मान्य करतो. पण निवडीची ही चूक दुसऱ्या बाजूनेही होते, तिचा उल्लेख क्वचितच होतो. जो रुग्णालयात पोचलाच नाही, तो नोंदीत कुठून येणार? गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांत घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणे शोधली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष हादरवणारा होता: दर सात मृत्यूंत एक पक्षाघाताचा, आणि मृत्यूंच्या कारणांत पक्षाघात सर्वांत वर. शहरापासून इतक्या दूरच्या, गरीब जिल्ह्यात ही स्थिती असेल असे कोणाच्या गावीही नव्हते. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्य समितीनेही २०१८ च्या अहवालात दर चार आदिवासी प्रौढांमागे एकाला उच्च रक्तदाब असल्याचे नमूद केले. रुग्णालयात दिसतात ते पोचलेले, एवढे लक्षात ठेवले की तिथल्या नोंदी कामाच्याच ठरतात. गावातले प्रमाण काढायला त्या कमी पडतात. हातात आलेल्या माणसाला मोजल्याशिवाय परत पाठवू नये, हे सांगायला त्या पुरेशा आहेत.

दुसरा आक्षेप खुद्द कल्पनेवर आहे. २००५ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या मधुमेह संघटनांनी रिचर्ड कान यांच्या पुढाकाराने एक परखड टिपण काढले, त्याचा मथितार्थ असा की पाच जोखमींची मोळी बांधून तिला नाव दिल्याने सुट्या जोखमींपेक्षा अधिक काही कळते असे सिद्ध झालेले नाही. रीव्हन यांनीही पुढे निदान म्हणून या नावाच्या उपयोगाबद्दल शंका व्यक्त केली. त्यात भर म्हणजे, आपल्याकडचा प्रत्येक बारीक मधुमेही या मोळीत बसतही नाही. दीर्घ कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहात शरीर इन्सुलिनला दाद देते, पण ते तयारच कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये हा प्रकार यादीत घेतला होता, १९९९ मध्ये वगळला, आणि एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप ५’ म्हणून पुन्हा मान्यता दिली. अशा रुग्णाला लठ्ठ मधुमेह्याचे पथ्य सांगून भात तोडायला लावणे म्हणजे उपाशी माणसाला आणखी उपाशी ठेवणे, आणि इन्सुलिनची मात्रा बेताची नसेल तर साखर एकदम खाली येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून नावाचा आग्रह मी धरत नाही. आग्रह आहे तो पाचही मापे एकत्र, प्रत्येकाची घेण्याचा, घेर मोठा असो वा नसो. १३४ चा रक्तदाब, १०८ ची साखर, १७० चे ट्रायग्लिसराइड, यांतला एकेक आकडा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या डॉक्टरसमोर आला तर ‘ठीक आहे, जरा सांभाळा’ एवढ्यावर भागते. तिन्ही एका कागदावर आले की त्याच माणसाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. जिथे वर्षातून एकदाच डॉक्टर भेटतो, तिथे या एकत्र पाहण्याची किंमत शहरापेक्षा अधिक आहे.

आणि जे म्हणतात की आधी पोटाला अन्न, आधी पाणी, आधी रस्ता, हृदयविकार ही पुढची गोष्ट, त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण कमावता माणूस पंचेचाळिशीत एका अंगाने लुळा पडला की घरातल्या पोरांची शाळा सुटते, बैल किंवा जमीन गहाण पडते, आणि त्या घरातले पुढचे बाळ पुन्हा कमी वजनाचे जन्मते. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका इतरांपेक्षा सुमारे पाच-सहा वर्षे आधी येतो, हे ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने दाखवले. ती वर्षे नेमकी कमाईची असतात. उच्च रक्तदाबाचे औषध स्वस्त आहे, सरकारी केंद्रात फुकट मिळते, आणि देशभरच्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने २०१७ पासून दाखवून दिले आहे की एकच ठरलेली औषधयोजना, महिन्याच्या गोळ्या आणि नीट ठेवलेले रजिस्टर एवढ्यावर ग्रामीण भागातही रक्तदाब आटोक्यात येतो. इथली खरी अडचण दिवाळीनंतरची आहे. पेशंट भट्टीवर जातो, बोटीवर जातो, कारखान्यासाठी हद्द ओलांडून खोली घेतो. दुखले तर तो सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात किंवा वलसाडला जातो, आणि तलासरीतले रजिस्टर तिथे वाचले जात नाही. त्याच्या हातात गोळ्यांच्या नावांसह जाड कागदाचे कार्ड हवे, ते मराठी आणि गुजराती दोन्ही लिप्यांत हवे, आणि स्थलांतराच्या आधी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची मुभा हवी.

एक जागा मात्र अशी आहे जिथे हा सारा गुंता एकाच खाटेवर दिसतो, ती म्हणजे प्रसूतीचा वॉर्ड. चाळीस-बेचाळीस किलोची आई, हिमोग्लोबिन आठ, सातव्या महिन्यात चढलेला रक्तदाब, आणि दोन किलोचे बाळ. बाळ कुपोषणाच्या रजिस्टरात जाते आणि त्याच्यावर पाच वर्षे लक्ष राहते, ते योग्यच आहे. आईचा पाठपुरावा बाळंतपणानंतर बेचाळिसाव्या दिवशी संपतो. गरोदरपणात रक्तदाब चढून झटके येण्याच्या बेताला गेलेल्या स्त्रीला पुढे हृदयविकार होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट असते, गरोदरपणी साखर वाढलेली स्त्री पुढे मधुमेही होण्याची शक्यता तर कितीतरी पट. ती पंचविशीची असते, कृश असते, कंबरेच्या फितीत आणि आशाताईंच्या अर्जात तिला शून्य गुण मिळणार असतात. तिची नोंद असंसर्गजन्य आजारांच्या रजिस्टरात त्या बेचाळिसाव्या दिवशीच व्हायला हवी, तीस वर्षे पूर्ण होण्याची वाट न पाहता. बाळाला लसीसाठी आणले की लहान मापाचा पट्टा बांधून तिचाही रक्तदाब घेता येतो, वर्षातून एकदा साखर पाहता येते. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे पद लागत नाही. बाळाच्या लसीकरण कार्डावर आईसाठी दोन रकाने वाढवावे लागतात.